समुद्राकडचा लाल पडदा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या घरातली मुलं 'व्हापुढे काकू' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. लिफ्टचं दार उघडलं की त्या बाजूला होणार, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." दवाखान्यात नंबर लागला आणि शेजारची बाई खोकली की झालं, "तुम्ही व्हा पुढे." एकदा टपाल कचेरीत तासभर रांगेत उभ्या राहून खिडकीपाशी पोचल्या, आणि तिथून एकेकाला पुढे सोडत सोडत पुन्हा रांगेच्या शेपटाला गेल्या. शेवटच्या माणसाला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही दोघी मिळून पडद्यांचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापडांचे नमुने आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, मागे कापायचं टेबल, दोन मशिनी आणि इस्त्री. मापं घेणं, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणं आणि घरी जाऊन पडदे लावून देणं माझ्याकडे. कापणं आणि शिवणं त्यांच्याकडे. मी तोंडाळ, त्या अबोल. उलट असतं तर पहिल्याच महिन्यात टाळं लागलं असतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधी सरळ शिवण घालता येत नव्हती. पहिल्याच दिवशी तीन मीटरची दुमड मी अशी शिवली की ती नागमोडी वाटेसारखी दिसत होती. जाऊबाई हसल्या नाहीत. शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सुईकडे बघतेस म्हणून वाकडी जातेय. सुई काय, तिच्या जागी आहेच. जिथे पोचायचंय तिथे बघ." मी कापडाच्या पार टोकाकडे बघितलं, आणि शिवण सरळ आली. या बाईला हे मशिनीवर इतकं कळतं आणि मशिनीवरून उठली की काहीच कसं कळत नाही, असं मला पुढे तीस वर्षं वाटत आलं.

कारण स्वतःचं म्हणून त्यांनी काही सुरू केलं आणि शेवटाला नेलं, असं कधी झालंच नाही. शिक्षिकेचा अभ्यासक्रम सुरू केला, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तो सुटला. भरतकामाची परीक्षा द्यायला निघाल्या, मुलाला गोवर आला, ती राहिली. गाडी चालवायला शिकत होत्या, परवान्याची परीक्षा आठ दिवसांवर आलेली, तेव्हा माझं बाळंतपण अडलं. दीड महिना त्या माझ्या उशाशी होत्या. गाडी राहिली ती राहिलीच. मी कधी विषय काढला तर म्हणायच्या, "अगं, जायचंय कुठे मला गाडीने?" मी गप्प बसायचे, आणि मी गप्प बसणं ही काय सोपी गोष्ट नाही.

पन्नाशी जवळ आली तशी गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. डॉक्टर म्हणाले, पोहा. जाऊबाईंनी तोवर पाणी पाहिलं होतं ते बादलीतलं. तलावावर पहिला महिना त्यांनी कडेचा दांडा सोडला नाही. दुसऱ्या महिन्यात सोडला. वर्षभरात त्या असं पोहायला लागल्या की तिथले मास्तर दुकानात पडद्यांच्या निमित्ताने आले आणि मला म्हणाले, "तुमच्या जाऊबाई दमतच नाहीत. हळू आहेत, पण दमत नाहीत." दमणं म्हणजे काय हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, तर त्यांना ते माहीत कसं असणार?

त्या मास्तरांनीच समुद्रातल्या शर्यतीचं खूळ डोक्यात घातलं. खाडीच्या पलीकडच्या धक्क्यावरून निघायचं आणि अलीकडच्या वाळूवर उभ्या केलेल्या कमानीतून बाहेर पडायचं. अंतर तीन किलोमीटर, वेळ दोन तास. दोन तासांत नाही पोचलात तर नाव येऊन उचलून नेणार. शर्यत हौशी लोकांची होती. त्यात शिक्षक होते, वाहनचालक होते, आजोबा होते. आमच्या जाऊबाईंनी नाव घातलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. टोपी आणि नंबर घरी आला तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी काय झालं ते मी हसत सांगते, पण तेव्हा कुणी हसलं नव्हतं. पहिला निम्मा रस्ता सोपा असतो, समोर दीपस्तंभ दिसतो. मग पाण्यात पिवळा मोठा फुगा बांधलेला असतो, त्याला वळसा घालून किनाऱ्याकडे वळायचं. वळल्यावर समोर काय, तर एकासारखी एक पांढुरक्या इमारतींची रांग. कमान ठेंगणी, पाण्यातून मान वर काढली तर ती लाटेआड जाते. तलावात तळाशी काळ्या फरशीची पट्टी असते, तिच्यावरून सरळ जाता येतं. समुद्राने असली सोय केलेली नाही. मग जाऊबाईंनी जन्मभर जे केलं तेच केलं. पुढे एक टोपी दिसली, तिच्या मागे निघाल्या. अर्धा तास इमानाने मागे गेल्या. पोचल्यावर कळलं, तो गडी केव्हाच शर्यत सोडून नावेत बसायला चालला होता.

तिथून परत फिरल्या, पण वेळ कुठली उरायला? किनारा चारशे मीटरवर असताना त्यांना नावेत घेतलं. घरी आल्या, अंघोळ केली, आणि दुकानात येऊन कुणा हॉटेलच्या पडद्यांच्या अकरा दुमडी एका बैठकीत शिवल्या. मी म्हटलं, "जाऊबाई, बोला काहीतरी."

"काय बोलू? मला मागे जायची सवय आहे ना," त्या म्हणाल्या. मग मशीन थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत न्यायचं होतं गं. एकच."

मला त्या दिवशी रडू आलं. मी रडले की मला राग येतो, म्हणून मी जाऊन त्या मास्तरांशी भांडून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नियमांचा कागद दाखवला. ज्याला लागोपाठ दोन वर्षं नावेत घ्यावं लागतं, त्याला पुन्हा लांबच्या शर्यतीत घेत नाहीत. किनाऱ्यालगतची पाचशे मीटरची, मुलाबाळांची शर्यत तेवढी मोकळी. म्हणजे उरली होती एकच संधी.

पडद्याची कल्पना माझी. ते श्रेय मी कुणाला देणार नाही, आणि पुढे जे झालं त्याचंही दुसऱ्या कुणाला देता येत नाही. कमानीच्या अगदी मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची एक गिऱ्हाईक राहते, दातांची डॉक्टर; दवाखानाही तिथेच. तिच्या समुद्राकडच्या गच्चीला उन्हाचा पडदा लावायला आडवा लोखंडी दांडा आम्हीच बसवून दिला होता. मी जाऊबाईंना म्हटलं, "तिथे लालभडक पडदा टांगते. फुग्याला वळसा घातला की मान वर करायची, लाल बघायचं, पुन्हा पोहायचं. सुईकडे बघायचं नाही, जिथे पोचायचंय तिथे बघायचं. कुणाचं वाक्य आहे?"

त्या हसल्या. "लाल कापड आहे का इतकं?"

नाट्यगृहाच्या कामातून उरलेलं होतं. गच्चीच्या रुंदीचा, चार मीटरचा पडदा शिवला. मी म्हटलं, दोन तासांचं काम आहे, नुसतं कापड टांगू. पण जाऊबाई कसल्या ऐकतात! "अस्तराशिवाय पडदा पडतच नाही नीट. वाऱ्याने गुंडाळी होईल त्याची." त्यांनी मागून पांढरं अस्तर लावलं, खालच्या दुमडीत वजनासाठी साखळी घातली, वर सोळा रिंगा. डॉक्टरीणबाईने परवानगी दिली, वर म्हणाली, "शर्यत संपली की काढा हं, नाहीतर लोक म्हणतील दवाखान्यात रक्त सांडलं."

शर्यतीच्या सकाळी जाऊबाईंना बोटीने पलीकडच्या धक्क्यावर नेलं. जाताना बोटीच्या फळीपाशी सगळ्यांना "व्हा पुढे, व्हा पुढे" करत त्या सगळ्यांत शेवटी चढल्या. मी कपाळावर हात मारला. मग गच्चीवर गेले, खुर्चीवर चढले, रिंगा दांड्यात ओवल्या, पडदा ताणला, चुण्या सारख्या केल्या आणि दोन पावलं मागे होऊन बघितलं. काय लाल दिसत होता! डॉक्टरीणबाई म्हणाली, "वा." मी खूश होऊन खाली वाळूवर आले.

खाली भाऊजी उभे होते, म्हणजे माझे थोरले दीर, जाऊबाईंचे यजमान. ते बसडेपोत गाड्यांच्या वेळा बघतात, त्यामुळे घड्याळाशी त्यांचं नातं बायकोपेक्षा जुनं आहे. हातात घड्याळ, गळ्यात दुर्बीण. पाऊण तास त्यांनी मला मिनिटामिनिटाचा हिशोब ऐकवला. मग म्हणाले, "आता पुढचे लोक फुग्याला वळले. तुझा पडदा कुठला गं?"

"तो काय," म्हणत मी मागे वळले, बोट वर केलं, आणि ते बोट तसंच राहिलं.

तिसऱ्या मजल्यावर लाल असं काही नव्हतं. पांढुरक्या इमारतीवर पांढरं अस्तर झुळझुळत होतं.

ज्याने कधी पडदे लावले नाहीत त्याला हे समजावून सांगायला हवं. पडद्याची चांगली बाजू खोलीकडे असते. अस्तर खिडकीकडे, उन्हाकडे. लोक पडदा आतून बघतात, बाहेरून कोण बघतंय? तीस वर्षं, हजारो खिडक्या, मी आत उभी राहून चांगली बाजू माझ्याकडे घेऊनच पडदा टांगत आले. हातांनी मला विचारलंसुद्धा नाही. तो लालभडक पडदा दातांच्या डॉक्टरीणबाईला आणि तिच्या कुंड्यांना दिसावा अशा बेताने मी टांगला होता. दुसऱ्या कुठल्या बाईने टांगला असता तर तिने तो बरोबर लावला असता.

मी पळाले. मी पळते आहे हे बघून भाऊजींनी वेळ लावली असावी. लिफ्टमध्ये कुणाचं तरी कपाट आडवं अडकलं होतं आणि दोन हमाल त्याला शिव्या घालत होते. मी जिने चढले. माझं वजन आणि माझा दमा यांना तिसरा मजला म्हणजे गिर्यारोहण. प्रत्येक पायरीला डोक्यात एकच येत होतं, गाडी माझ्यामुळे राहिली आणि आता हेही माझ्यामुळेच राहणार. डॉक्टरीणबाईने दार उघडलं आणि माझा अवतार बघून आधी मला खुर्ची दिली. मी तीच खुर्ची गच्चीत ओढत नेली.

वरून मला समुद्र दिसला. खालून नुसत्या लाटा दिसत होत्या, इथून सगळंच दिसत होतं. ओहोटीची ओढ डावीकडे होती. टोप्यांचा एक मोठा घोळका फुग्यापासून निघून एकमेकांच्या मागे मागे डावीकडे, खडकांच्या बाजूला वाहवत चालला होता. पुढच्याचं बघून मागचा, मागच्याचं बघून त्याच्या मागचा. सगळे नेकीने पोहत होते आणि सगळे चुकत होते. पन्नाशीपुढच्यांच्या गुलाबी टोप्या होत्या, त्या मी शोधायला लागले. जाऊबाई या घोळक्यात असणार, सगळ्यांच्या शेवटी, यात मला शंका नव्हती.

देवा, मी म्हटलं, निदान आता तरी लाल दिसू दे तिला. खुर्चीवर चढले आणि भराभर रिंगा काढायला लागले. दहा-बारा रिंगा काढून झाल्या होत्या, पडदा अर्धा खाली लोंबत होता, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, "अहो, ती एक टोपी एकटीच इकडे येतेय बघा."

घोळक्यापासून बरीच लांब, उजवीकडे, एक गुलाबी टोपी होती. एकटी. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. ती कुठल्याच माणसाकडे येत नव्हती, सरळ या गच्चीकडे येत होती. उजवं कोपर असं उंच उचलायची की जणू लांब दोरा ओढून घेतेय. तो हात मी तीस वर्षं शेजारी बसून बघितलाय.

आणि मी बघत असतानाच तो हात थांबला. टोपी पाण्यात उभी राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती याच्यावरच येत होती! पांढरा का असेना, ती त्या पडद्यावर येत होती, आणि मी तो तिच्या डोळ्यांसमोरून काढला होता. बिघडलेलं नव्हतं ते मी दुरुस्त करायला घेतलं होतं. आता पुन्हा पांढरं लावावं की लाल? "काय ते एक लावा!" डॉक्टरीणबाई ओरडली. दात काढताना ती अशीच ओरडत असणार. मी पडदा फिरवला. एकेक रिंग दांड्याला लागायच्याऐवजी माझ्या बोटांना लागत होती. पडदा टांगायला मला जन्मात इतका वेळ लागला नव्हता, आणि खाली पाण्यात ती टोपी जागच्या जागी हळूहळू डावीकडे सरकत होती.

सोळावी रिंग गेली. पडदा वाऱ्यावर फुगला, लाल बाजू समुद्राकडे. मी आत अस्तराच्या बाजूला, दांडा धरून उभी होते. कडेने डोकं काढून बघितलं. टोपी हलेना. मी ओरडले, "अहो जाऊबाई, मीच आहे!" इतक्या लांब काय ऐकू जाणार, कप्पाळ! पण मी ओरडले. माणूस दुसरं काय करणार?

मग कोपर वर आलं. एकदा, दुसऱ्यांदा. टोपी पुन्हा इकडे यायला लागली.

पुढचा पाऊण तास मी त्या गच्चीवरून हलले नाही. डॉक्टरीणबाईने पाणी दिलं ते हातातच राहिलं. घोळका खडकांपाशी अडकून किनाऱ्याच्या कडेकडेने परत येत होता, पहिले काही जण कमानीत शिरलेही. जाऊबाई हळू होत्या. हळू आहेत, पण दमत नाहीत. लाट फुटते तिथे त्या उभ्या राहिल्या, एकदा आपटल्या, पुन्हा उठल्या. त्याच वेळी त्यांच्या शेजारी घोळक्यातले एक आजोबा धडपडत बाहेर आले. कमान चार पावलांवर. भाऊजी घड्याळ डोक्यावर धरून नाचत होते. भाऊजींना नाचताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि या बाईने, वरून मला स्वच्छ दिसलं, या बाईने बाजूला होऊन आजोबांना हात केला.

व्हा पुढे.

आजोबाही संस्कारी निघाले. त्यांनी उलट हात केला. तुम्ही व्हा. कमानीच्या तोंडाशी दोघांचा तो सोहळा चालू झाला. मी गच्चीवरून जे ओरडले ते सगळ्या किनाऱ्याने ऐकलं, असं भाऊजी अजून सांगतात. शेवटी दोघं एकदमच आत शिरले. दोन तासांना दीड मिनिट बाकी होतं.

मी खाली पोचेपर्यंत त्या वाळूत बसल्या होत्या, अंगावर टॉवेल, डोळ्यांभोवती चष्म्याचे वळ. मला बघून आधी म्हणाल्या, "जिना चढलीस ना? धाप बघ किती लागलीय. बस."

मी बसले आणि रडायला लागले. "जाऊबाई, मी उलटा लावला हो. मीच सगळा घोळ घातला."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"फुग्याला वळले, मान वर केली. लाल कुठेच नाही. बाकीचे सगळे खडकांकडे चाललेले. मीही निघालेच होते बघ त्यांच्या मागे. चार हात मारले, आणि मनात आलं, ही नेहमीसारखाच लावणार, चांगली बाजू आत. म्हणजे बाहेर अस्तर असणार. मग पांढऱ्यावर पांढरं शोधायला लागले. भिंत हलत नाही ना, अस्तर हलतं. सापडलं."

"आणि मी काढला तेव्हा?"

"तेव्हा घाबरले. म्हटलं, गेलं. आता परत त्यांच्या मागे जावं का? पण म्हटलं, वाऱ्याने तो पडायचा नाही, साखळी मी घातलीय. म्हणजे हिने काढलाय. हिच्या लक्षात आलं आणि ही तीन मजले चढली. दमा घेऊन." त्यांनी टॉवेलच्या टोकाने माझं तोंड पुसलं. स्वतःचं ओलंच होतं. "तू चढलीस, मग मी कशी थांबणार गं?"

भाऊजींनी घड्याळ दाखवलं, मास्तर आले, कुणीतरी गळ्यात पदक घातलं. पदकाकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही. दुपारी डॉक्टरीणबाईने पडदा घडी करून पाठवून दिला.

तो आता आमच्या दुकानात आहे, कापायचं टेबल आणि पुढची जागा यांच्या मध्ये. जाऊबाईंनी स्वतः टांगलाय. लाल बाजू आत, मशिनीकडे. गिऱ्हाइकांना दिसतं ते अस्तर, आणि त्यावर समुद्राच्या हवेचे डागही पडलेत. येणारं प्रत्येक माणूस सांगतं. परवा एक मोठ्या आवाजाचे गृहस्थ आले होते. म्हणाले, "अहो, पडद्यांचं दुकान तुमचं, आणि तुमचाच पडदा उलटा? गिऱ्हाइकाकडे चांगली बाजू हवी. फिरवून घ्या तो."

मी तोंड उघडलं होतंच. एरवी मी उत्तर द्यायच्या आत पडद्यामागून आवाज आला असता, "हो, हो, फिरवते हं." मशीन चालूच राहिली. जाऊबाई लांब शिवण घालत होत्या आणि त्यांची नजर कापडाच्या टोकावर होती.

"राहू दे तो," त्या आतूनच म्हणाल्या. "मला तसाच हवाय."